चीक, पान्हा आणि पहिला तास : स्तनपानाच्या आरंभकाळावर परिणाम करणारे घटक

१. प्रश्नाचे स्वरूप

मूल जन्मल्यानंतर माता त्याला प्रथम केव्हा अंगावर घेते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकाचा व परिचर्येचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर एकट्या मातेच्या शरीरप्रकृतीवर अवलंबून नसते. प्रसूती कोठे झाली, कशी झाली, त्या वेळी जवळ कोण होते, मुलाच्या मुखी प्रथम काय घालावे याविषयी घरात कोणता संकेत रूढ आहे, आणि त्या पहिल्या पिवळसर, घट्ट स्रावाला घरातील माणसे ‘दूध’ म्हणतात की नाही, या सर्व गोष्टींवर ते अवलंबून असते. यांपैकी शेवटची गोष्ट भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येते आणि तिच्याकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात स्तनपानाच्या आरंभकाळावर परिणाम करणाऱ्या घटकांचा परामर्श घेऊन, त्यांत शब्दांचा वाटा किती व कोणत्या प्रकारचा आहे, याचा विचार करावयाचा आहे. विवेचनाचे क्षेत्र मुख्यतः नाशिक जिल्हा व महाराष्ट्र हे आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची शिफारस अशी आहे की, जन्मानंतर एका तासाच्या आत मुलाला स्तनाशी लावावे आणि पहिले सहा महिने स्तन्याखेरीज दुसरे काहीही, पाणीदेखील, देऊ नये. या पहिल्या तासातील आरंभालाच ‘शीघ्र आरंभ’ असे म्हणता येईल.

२. पहिल्या तासाचे महत्त्व

प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत स्तनांतून जो स्राव होतो, तो प्रमाणाने अल्प, रंगाने पिवळसर व घट्ट असतो. मराठीत याला ‘चीक’ म्हणतात. त्यात प्रथिने व रोगप्रतिकारक द्रव्ये विपुल असतात. विशेषतः ‘आयजीए’ या वर्गाची प्रतिपिंडे मुलाच्या आतड्याच्या अस्तरावर राहून जंतूंना अटकाव करतात. नवजात अर्भकाचे जठरही अगदी लहान असते. पहिल्या दिवशी एका वेळी त्यात एक-दीड चमच्याइतका द्रव मावतो. म्हणजे चीक थोडा येतो ही मातेची उणीव नसून मुलाच्या गरजेशी तिचा मेळ आहे.

वार पडल्यानंतर मातेच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉनचे प्रमाण झपाट्याने उतरते, प्रोलॅक्टिनचा प्रभाव प्रकट होतो, आणि साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान स्तन भरून येतात. लोक ‘दूध आले’ असे म्हणतात ते याच अवस्थेला. हा बदल संप्रेरकांच्या आधारे आपोआप घडतो हे खरे. तथापि पुढे दुधाचे प्रमाण टिकावयाचे आणि वाढावयाचे, तर मूल लवकर व वारंवार स्तनाशी लावले जाणे आवश्यक असते. मुलाच्या चोखण्याने प्रोलॅक्टिन व ऑक्सिटोसिन ही दोन्ही संप्रेरके स्रवतात. ऑक्सिटोसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावते, म्हणून लवकर स्तनपान मातेलाही हितकारक ठरते.

विलंबाचा परिणाम किती गंभीर असतो, हे दोन अभ्यासांवरून कळून येते. घाना देशाच्या ग्रामीण भागातील सुमारे ११ हजार अर्भकांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, पहिल्याच दिवशी सर्व मुलांना स्तनपान सुरू झाले तर नवजात मृत्यूंपैकी सुमारे १६ टक्के, आणि पहिल्या तासात सुरू झाले तर सुमारे २२ टक्के टळू शकतील. पुढे २०१६ साली भारत, घाना व टांझानिया या देशांतील सुमारे एक लाख अर्भकांच्या अभ्यासात असे आढळले की, पहिल्या तासात स्तनपान सुरू झालेल्या मुलांशी तुलना करता, ते २ ते २३ तासांच्या दरम्यान सुरू झालेल्या मुलांत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी, आणि एक ते चार दिवसांच्या दरम्यान सुरू झालेल्या मुलांत ७९ टक्क्यांनी अधिक होता. आजारी मूल मुळातच उशिरा पिते, ही शंका अशा अभ्यासांत घ्यावी लागते व तिचा विचार संशोधकांनी केलेला आहे. तासागणिक धोका वाढत जातो, ही दिशा मात्र दोन्ही ठिकाणी एकच आहे.

३. आकडेवारीतील विसंगती

घरी होणारी प्रसूती रुग्णालयात होऊ लागली म्हणजे स्तनपानही लवकर सुरू होईल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. काही काळ ती खरीही ठरली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९२-९३ मधील पहिल्या फेरीत भारतात पहिल्या तासात स्तनपान सुरू झालेल्या मुलांचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षाही कमी होते. २००५-०६ मधील तिसऱ्या फेरीत ते २३ टक्क्यांच्या आसपास आले आणि २०१५-१६ मधील चौथ्या फेरीत ४१.६ टक्क्यांवर गेले. परंतु २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ते ४१.८ टक्के, म्हणजे जवळजवळ होते तेथेच राहिले. याच अवधीत संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण मात्र ७८.९ वरून ८८.६ टक्क्यांवर गेले होते.

महाराष्ट्राचे चित्र अधिक विचार करावयास लावणारे आहे. राज्यातील संस्थात्मक प्रसूती ९०.३ वरून ९४.७ टक्क्यांवर गेल्या. पण पहिल्या तासातील स्तनपान ५७.५ वरून ५३.२ टक्क्यांवर घसरले. शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती याच काळात २०.१ वरून २५.४ टक्के झाल्या. या तीन आकड्यांत कार्यकारणसंबंध आहे असे केवळ त्यांच्या सान्निध्यावरून म्हणता येत नाही. परंतु रुग्णालयाची इमारत गाठली म्हणजे पहिला तास साधला असे होत नाही, एवढे त्यांवरून निश्चित होते. तेव्हा विलंबाची कारणे रुग्णालयात आणि घरात, दोन्हीकडे शोधावयास हवीत.

४. ‘चीक’ आणि ‘दूध’ : शब्दांच्या कक्षा

मराठीत ‘चीक’ हा शब्द तीन-चार वस्तूंना लावला जातो. रुई, वड, पपई, फणस यांतून पाझरणारा पांढरा चिकट रस हा चीक. गहू भिजवून, वाटून व गाळून खाली बसणारा पांढरा अंश हाही चीक. आणि व्यालेल्या गाईम्हशीचे व बाळंत झालेल्या स्त्रीचे पहिले दूध हाही चीकच. ‘चिकट’, ‘चिकटणे’, ‘चिकाटी’ हे शब्द त्याच कुळातील आहेत. म्हणजे या शब्दात गुण सांगितला आहे तो चिकटपणाचा. पोषणाचा वा पेयतेचा त्यात निर्देश नाही. शिवाय वनस्पतींचा चीक बहुधा त्याज्य, अंगाला लागला तर खाज आणणारा, डोळ्यांत गेला तर अपायकारक असा असतो. एका शब्दाचा एक अर्थ दुसऱ्या अर्थावर आपली छाया टाकतो, हा अर्थविचारातील परिचित व्यापार आहे.

गाईच्या बाबतीत मात्र ही छाया पडलेली दिसत नाही. गाईचा चीक म्हटला की मराठी माणसाला खरवस आठवतो. तो शेजारीपाजारी वाटला जातो, त्याची वाट पाहिली जाते. तापविताच चीक थिजतो व त्याची वडी पडते, याचे कारणही येथे सांगण्याजोगे आहे. चिकात प्रतिपिंडांसह जी प्रथिने विपुल असतात, ती उष्णतेने गोठतात आणि त्यामुळे चीक घट्ट होतो. म्हणजे खरवसाची चव ज्या द्रव्यांमुळे येते, ती मुळात वासराच्या रक्षणासाठी आहेत. वासराला पहिल्या काही तासांत चीक पाजला नाही तर ते दगावते, हे जुन्या गुराख्याला व शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. वासराला गर्भावस्थेत वारेतून प्रतिपिंडे जवळजवळ मिळतच नाहीत. मानवी अर्भकाला काही मिळतात, म्हणून त्याच्या बाबतीतील हानी तितकी तत्काळ दिसत नाही. ज्या घरात वासराला चीक पाजण्याची काळजी घेतली जाते, त्याच घरात बाळंतिणीचा चीक ‘जड’ किंवा ‘साचलेला’ म्हणून पिळून टाकला जावा, ही विसंगती अज्ञानापेक्षा वर्गीकरणातून उद्भवलेली आहे. गाईचा चीक ‘अन्न’ या वर्गात मोडतो. स्त्रीचा चीक मात्र ‘दूध’ येण्यापूर्वीचा अवशेष मानला जातो.

इतर भाषांकडे पाहिले तर हेच विभाजन अनेक ठिकाणी दिसते. कानडीतील ‘गिण्णु’ आणि तेलुगूतील ‘जुन्नु’ हे शब्द मुख्यतः जनावराच्या पहिल्या दुधासाठी आणि त्यापासून केलेल्या गोड पदार्थासाठी वापरले जातात. संस्कृतात ‘पेयूष’ वा ‘पीयूष’ हा शब्द नुकत्याच व्यालेल्या गाईच्या दुधाला लावलेला असून त्याचा दुसरा अर्थ अमृत असा आहे. हिंदीतील ‘पेवसी’ हे त्याचेच रूपांतर. एका बाजूला अमृत आणि दुसऱ्या बाजूला चिकट मळ, अशी एकाच वस्तूची दोन नामकरणे व्हावीत, यावरून नावामागील दृष्टीचे महत्त्व ध्यानी येते. मराठीत ‘पीयूष’ हा शब्द आज श्रीखंडापासून केलेल्या पेयाचे नाव होऊन बसला आहे. पहिल्या दुधाशी त्याचा संबंध मराठी भाषकाच्या मनात उरलेला नाही.

‘दूध’ हा शब्द ‘दुग्ध’ या संस्कृत रूपापासून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘दोहलेले’ असा होतो. मराठी माणसाच्या मनातील दुधाचा आदर्श पांढरे, पातळ व वाहते असा आहे. या आदर्शात पिवळसर घट्ट थेंब बसत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी बाळंतिणीविषयी ‘हिला अजून दूध आले नाही’ असे म्हटले जाते. बोलणारीच्या शब्दार्थाप्रमाणे ते खोटे नसते. परंतु त्यातून ‘तोवर वरचे पाजा’ हा निष्कर्ष निघतो आणि तेथेच विलंबाचा आरंभ होतो.

या वाक्यातील व्याकरणही लक्षणीय आहे. ‘तिला दूध आले’ या रचनेत ‘दूध’ कर्ता आहे आणि माता चतुर्थीत आहे. दूध ही आपल्या वेळेने येणारी वस्तू. मातेने फक्त वाट पाहावयाची. ‘पाजणे’ हे मात्र ‘पिणे’चे प्रयोजक रूप, तेथे माता कर्त्री होते. भाषेने सुचविलेला क्रम असा : आधी दूध येते, मग माता पाजते. शरीराचा क्रम पुष्कळ अंशी उलट आहे : आधी मूल चोखते, आणि त्या चोखण्याने दुधाचा ओघ वाढतो व टिकतो.

‘पान्हा’ हा शब्द या बाबतीत अधिक सूक्ष्म निरीक्षणावर आधारलेला आहे. ‘प्रस्नव’ या संस्कृत शब्दापासून तो प्राकृतातून मराठीत आला. मुलाला पाहताच, त्याचे रडणे ऐकताच ‘पान्हा फुटतो’, आणि भ्यालेली वा बुजलेली गाय ‘पान्हा चोरते’. ऑक्सिटोसिनच्या स्रावाला मुलाचे दर्शन व स्पर्श साहाय्यक होतात आणि वेदना, भीती, काळजी यांनी तो रोधला जातो, ही आधुनिक शरीरविज्ञानातील गोष्ट या दोन वाक्प्रचारांत अनुभवाने टिपलेली आहे. मात्र ‘चोरणे’ या क्रियापदात हेतूचा आरोप आहे. तोच भाव बाळंतिणीच्या बाबतीत आला म्हणजे न येणाऱ्या दुधाचा दोष तिच्याकडे जातो; आणि दोषाच्या ओझ्याने पान्हा अधिकच रोधला जातो.

५. ग्रंथपरंपरा

चीक टाळण्याचा आचार ‘शास्त्रात सांगितला आहे’ असे पुष्कळदा म्हटले जाते. परंतु शास्त्राचे या विषयात एकमत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात जातकर्माच्या प्रसंगी मंत्रयुक्त मध व तूप चाटविल्यानंतर लगोलग उजवा स्तन द्यावा असा क्रम आहे. सुश्रुतसंहितेत मात्र हृदयस्थ धमन्या मोकळ्या होऊन तीन वा चार रात्रींनंतर स्तन्य प्रवर्तित होते असे सांगून, तोपर्यंत मध, तूप व औषधीसिद्ध घृत देण्याचा विधी आहे. वाग्भटाचे मतही याला जवळचे आहे.

सुश्रुताचे निरीक्षण चुकीचे नव्हते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन भरतात हे आजही मान्य आहे. चूक झाली ती ‘स्तन्य’ या संज्ञेची मर्यादा त्या भरण्यापासून आखण्यात. त्याआधीचा स्राव संज्ञेबाहेर राहिला आणि म्हणून मुलाच्या मुखाबाहेरही राहिला. असे केवळ भारतातच घडले असेही नाही. रोमन काळातील वैद्य सोरेनस याने मातेने पहिले वीस दिवस मुलाला पाजू नये असे सुचविले होते. युरोपात हे मत शतकानुशतके टिकले, आणि इंग्लंडमध्ये १७४८ साली विल्यम कॅडोगन याने आपल्या निबंधात मुलाला लवकर मातेच्या अंगावर देण्याचा आग्रह धरला, तेव्हा तो विचार तेथे नवा होता.

६. ‘वरचे’ आणि पहिली चाटण

‘अंगावरचे दूध’ आणि ‘वरचे दूध’ ही मराठीतील जोडी प्रसिद्ध आहे. पहिले मातेचे, दुसरे गाईम्हशीचे, शेळीचे किंवा आता डब्यातील भुकटीचे. मातेच्या दुधापूर्वी दिल्या जाणाऱ्या पदार्थांत मध, गुळाचे पाणी, सोने उगाळून केलेले चाटण, शेळीचे वा गाईचे पातळ केलेले दूध आणि बाळघुटी यांचा समावेश होतो. घुटीसाठी सहाणेवर वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, बदाम, खारीक इत्यादींचे वेढे दिले जातात. हे देण्याची साधनेही ठराविक : बोंडले, शिंपला, कापसाचा बोळा, वाटी-चमचा.

या पदार्थांमुळे विलंब तीन प्रकारे होतो. एक, मुलाची चोखण्याची ओढ मंदावते; जन्मानंतरच्या पहिल्या तासात अर्भक विशेष जागे व तत्पर असते, आणि नंतर बराच वेळ झोपी जाते. दोन, बोंडल्यातून किंवा बाटलीतून आयते मिळणारे दूध पिण्याची रीत स्तन चोखण्याच्या रीतीहून निराळी असल्याने पुढे स्तन धरणे अवघड होते. तीन, साधने व पाणी यांतून जंतुसंसर्ग होतो. मधात तर बोट्युलिझम या रोगाच्या जंतूंची बीजुके असू शकतात, म्हणून एक वर्षाखालील मुलाला मध देऊ नये असे वैद्यक सांगते.

तथापि चाटण देण्यामागील भाव अपाय करण्याचा नसतो, हे विसरून चालणार नाही. कुळातील वडील वा गुणी माणसाच्या हातून मुलाच्या जिभेवर गोड पडावे, त्याची वाणी मधुर व्हावी, असा तो संस्कार आहे. म्हणून ‘मध देऊ नका’ एवढ्या निषेधाने तो जात नाही. पहिला स्वाद देण्याचा मान कोणाचा, हा तेथे खरा प्रश्न आहे.

७. रुग्णालयातील घटक

शस्त्रक्रियेने झालेली प्रसूती हे आज विलंबाचे एक प्रमुख कारण आहे. माता शस्त्रक्रियागृहात, मूल दुसऱ्या खोलीत किंवा नातेवाइकांच्या हाती, भुलीचा अंमल, टाक्यांची वेदना, कुशीवर वळण्याची अडचण, या सर्वांत पहिला तास सहज निघून जातो. पाठीच्या कण्यात दिलेल्या भुलीत माता शुद्धीवर असते. त्यामुळे साहाय्य मिळाल्यास तिला मूल लवकर अंगावर घेता येते. अडथळा वैद्यकीय असण्यापेक्षा व्यवस्थेचा अधिक असतो.

नैसर्गिक प्रसूतीतही मुलाचे वजन करणे, पुसणे, अंघोळ घालणे, कपड्यांत गुंडाळणे, नातेवाइकांना दाखविणे असा क्रम असतो व स्तनपान त्याच्या शेवटी येते. १९८० नंतरच्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी असे दाखविले की, नुकतेच जन्मलेले मूल मातेच्या उघड्या पोटावर ठेवले असता ते हळूहळू सरकत स्वतःच स्तनापर्यंत पोहोचते व चोखू लागते. महाराष्ट्रात युनिसेफ आणि भारतीय स्तनपान प्रोत्साहन संघटनेची राज्य शाखा यांनी २००७ च्या सुमारास या पद्धतीचा प्रसार केला. ही संघटना १९९१ साली वर्धा येथेच स्थापन झाली, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे. २०१८ साली सुधारलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा सूत्रांपैकी चौथे सूत्र, जन्मताच माता व मूल यांचा अखंड त्वचास्पर्श आणि शक्य तितक्या लवकर स्तनपान, हेच आहे.

कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे मूल अतिदक्षता कक्षात ठेवावे लागते. तेथे थेट स्तनपान अशक्य असले तरी मातेने चीक पिळून वाटीत काढणे व तो मुलाला देणे शक्य असते. मातेचे दूध उपलब्ध नसेल तेव्हा दुग्धपेढीचा आधार घेता येतो; आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ साली मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. डबाबंद दुधाच्या जाहिरातीस व रुग्णालयांतून होणाऱ्या त्याच्या प्रसारास प्रतिबंध करणारा कायदा भारतात १९९२ साली झाला व २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला.

८. घर, नाते आणि शिक्षण

पहिल्या बाळंतपणासाठी मुलीने माहेरी येण्याची महाराष्ट्रातील चाल सर्वपरिचित आहे. म्हणून पहिल्या खेपेस निर्णय बहुधा मातेची आई किंवा आजी करते. पुढच्या खेपांना सासू. पहिलटकरणीला स्तन देण्याची सवय नसते, तिच्यात संकोच असतो, आणि ‘दूध पुरेल ना’ ही धास्तीही असते. त्यामुळे तिच्या बाबतीत विलंबाचा संभव अधिक, तर पूर्वी पाजलेल्या मातेच्या बाबतीत कमी असतो. गर्भारपणातच सल्ला मिळाला असल्यास आरंभ लवकर होतो. प्रसूतीच्या घाईत दिलेला उपदेश मात्र फारसा रुजत नाही.

शिक्षणाचा परिणाम सरळ रेषेत जात नाही. शिक्षित माता चिकाचे महत्त्व जाणते. परंतु शिक्षित व सधन कुटुंबांतच शस्त्रक्रियेने प्रसूती होण्याचे प्रमाणही अधिक असते. म्हणून एका कारणाने मिळालेला लाभ दुसऱ्या कारणाने गमावला जाण्याचा संभव असतो. ‘अडाणी माता उशीर करते’ हे सूत्र त्यामुळे टिकत नाही.

सोयराचा विटाळ, पाचवीचे पूजन, बाराव्या दिवसाचे बारसे हे आचार मूल व माता यांना इतरांपासून वेगळे ठेवतात. परंतु एकमेकांपासून नव्हे. बाळंतिणीची खोली, तिची शेक-शेगडी, मुलाला कुशीत घेऊन निजणे हे सर्व स्तनपानाला अनुकूलच आहे. परंपरेतील कोणता आचार बाधक व कोणता साधक हे वेगवेगळे पाहिले पाहिजे. सरसकट सर्व आचार त्याज्य ठरविणारा कार्यकर्ता बाळंतिणीच्या आजीला पहिल्याच वाक्यात गमावून बसतो.

९. नाशिक जिल्ह्याची भाषिक रचना

नाशिक जिल्ह्यात या सर्व घटकांना भाषाभेदाची जोड मिळते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण या पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल अशा जमातींची वस्ती आहे; बागलाण, मालेगाव, कळवण या भागांत अहिराणी बोलली जाते; मालेगाव शहरातील यंत्रमाग व्यवसायाशी निगडित मोठा समाज उर्दू व दख्खनी वळणाची हिंदी बोलतो. पेठ-सुरगाण्याकडील अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत हंगामी कामाला येतात आणि त्यामुळे गर्भारपणातील तपासणीचे सातत्य तुटते. ज्या नाशकात १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, त्याच जिल्ह्यात आरोग्यसंदेशाची भाषा मात्र बहुधा एकच, छापील प्रमाण मराठी, अशी असते.

‘स्तनपान’, ‘चीकदूध’, ‘केवळ स्तनपान’ हे संदेशातील शब्द आहेत. यांपैकी ‘स्तनपान’ हा शब्द ग्रांथिक असून स्त्रिया तो आपसांत क्वचितच वापरतात. त्या ‘अंगावर पाजणे’ किंवा ‘अंगावर घेणे’ असे म्हणतात. ‘चीकदूध’ हा समास मात्र उपयुक्त आहे. कारण तो चिकाला दुधाच्या कक्षेत आणून बसवितो. आशा कार्यकर्ती ही बहुधा त्याच गावातील असल्याने छापील शब्दाचा घरच्या बोलीत अनुवाद तीच करते. तिच्या प्रशिक्षणात या अनुवादाचा विचार झाला पाहिजे.

१०. प्रश्नावलीची भाषा

स्तनपानाच्या आरंभाविषयीची सारी आकडेवारी मातांना विचारलेल्या एका प्रश्नावर उभी आहे : जन्मानंतर किती वेळाने मुलाला प्रथम स्तनाशी लावले? येथे तीन अडचणी संभवतात.

पहिली क्रियापदाची. ‘दूध केव्हा पाजले?’ असा प्रश्न विचारला तर, तासाभरात मूल अंगावर घेतलेली पण तिसऱ्या दिवशी ‘दूध आले’ असे मानणारी माता ‘तिसऱ्या दिवशी’ असे उत्तर देईल. ‘अंगावर केव्हा घेतले?’ असे विचारल्यास तीच माता ‘लगेच’ म्हणेल. पाहणीला अभिप्रेत असलेली घटना दुसरी आहे. म्हणून क्रियापदही दुसरेच हवे.

दुसरी अडचण आरंभबिंदूची. ‘बाळंत झाल्यावर’ किंवा ‘सुटका झाल्यावर’ या शब्दांत पुष्कळ स्त्रिया वार पडेपर्यंतचा काळ धरतात. मुलाचा जन्म आणि बाळंतिणीची सुटका हे दोन क्षण एकच नव्हेत. वार पडण्यास उशीर झाला तर त्यांत बराच वेळ जातो.

तिसरी अडचण कालगणनेची. घरगुती आठवणीत वेळ घटनांनी मोजली जाते : नाळ कापल्यावर, मुलाला न्हाऊ घातल्यावर, खाटेवर आणल्यावर, दिवे लागल्यावर. ‘लगेच’ या शब्दाची व्याप्ती त्या घटनाक्रमात पुढची कोणती पायरी आली यावर ठरते. घड्याळाच्या तासावर नव्हे. पाहणीतील माता कित्येकदा दोन-तीन वर्षांपूर्वीची आठवण सांगत असते, हेही ध्यानात ठेवावयास हवे. म्हणून ‘लगेच’ हे उत्तर तसेच नोंदविण्याऐवजी, ‘न्हाऊ घालण्याआधी की नंतर?’, ‘खोलीत आणण्याआधी की नंतर?’ असे पूरक प्रश्न विचारणे इष्ट होय. राज्यातील घसरलेल्या चार टक्क्यांपैकी आचरण किती बदलले व उत्तर देण्याची रीत किती बदलली, हे अशा प्रश्नांवाचून ठरविता येणार नाही.

११. समारोप

स्तनपानाच्या आरंभास होणाऱ्या विलंबाची कारणे दोन गटांत पडतात. एका गटात प्रसूतीचा प्रकार, मुलाचे वजन, रुग्णालयाची व्यवस्था, मनुष्यबळ व सल्ल्याची वेळ हे घटक येतात. त्यांवर उपाय प्रशासनाने व वैद्यकाने करावयाचा आहे. दुसऱ्या गटात पहिल्या दुधाविषयीची समजूत, पहिल्या चाटणीचा मान, घरातील अधिकार आणि या सर्वांना धरून ठेवणारे शब्द येतात. दोन्ही गट एकमेकांना बळ देतात. शस्त्रक्रियेनंतर मूल बाहेर आणले जाते, आणि ‘हिला अजून दूध कोठले?’ या एका वाक्याने बाहेरच्यांच्या हाती वाटी-चमचा येतो.

शब्द बदलले म्हणजे आचार बदलतो, असा भाबडा दावा भाषाशास्त्राने करू नये. परंतु कोणत्या शब्दाने आचार अडतो आणि कोणत्या शब्दाने तो मोकळा होतो, हे दाखविणे त्याचे कर्तव्य आहे. ‘दूध आले का?’ या प्रश्नाऐवजी ‘मुलाला अंगावर घेतले का?’ असा प्रश्न प्रसूतिकक्षातील परिचारिकेने, गावातील आशा कार्यकर्तीने आणि घरातील आजीने विचारावयास प्रारंभ केला, तर त्याला खर्च काही नाही. त्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. ते पहिल्याच तासात द्यावे लागते.